दुबईतली बचत परभणीकडे आणायची : एनआरई, एनआरओ की वडिलांचं खातं?

पाथरीचा पाहुणा

नमस्कार मंडळी. सप्टेंबर २०२६ अखेरीस दुबईची नोकरी सोडून कायमचा गावाकडे येतोय. जून २०१६ पासून इकडंच आहे, वर्षातून महिनाभर सुट्टी. बँकेत १,८०,००० दिरहम साठलेत, वर ग्रॅच्युइटी यायची. गावाकडे माझं एकच जुनं बचत खातं, पासबुकावर अजून स्टेट बँक ऑफ हैदराबाद छापलेलं. घरखर्चाचे पैसे मनी एक्स्चेंजवरून वडिलांच्या खात्यात जायचे, त्यामुळं एनआरई, म्हणजे बाहेरची कमाई ठेवायचं अनिवासींचं खातं, कधी काढलंच नाही.

आता एवढी रक्कम कुठं टाकू? टॅक्स किती कटेल? आणि गावात दोन एकर निघालीय, मालक इसारासाठी मागं लागलाय. तो आत्ताच देऊन टाकावा का?

काउंटर नंबर तीन

पाहुणे, दराचं नंतर बघू, आधी क्रम ठरवा. व्हिसा रद्द झाला की एमिरेट्स आयडी गेला, आणि आयडी गेला की बँकेचं अ‍ॅप आज ना उद्या अडवतंच. त्यात शेवटचा पगार ‘फायनल सेटलमेंट’ म्हणून आला आणि तुमच्या नावावर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असलं, तर बँक खातंच रोखून धरू शकते. म्हणून कार्ड राजीनाम्याच्या आधीच बंद करा, काही देणं नसल्याचं पत्र हातात घ्या, मग राजीनामा.

ग्रॅच्युइटी करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायची असा तिथला कायदा आहे : पहिल्या पाच वर्षांचे दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांचे ३० दिवसांचा. म्हणजे ती सगळ्यात शेवटी येणार. साठलेले १,८०,००० आधी हलवा आणि खातं फक्त ग्रॅच्युइटीपुरतं उघडं ठेवा. तिथलं सिम सर्वांत शेवटी बंद करायचं. ओटीपी त्याच नंबरवर. सिम बंद आणि पैसे आत, अशी फजिती झाली की मग ईमेलवर ईमेल लिहीत बसावं लागतं.

आता इकडचं. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, त्यामुळं पासबुकावरचा ‘एसबीएचवाय’नं सुरू होणारा आयएफएससी बाद. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रियही झालेलं असणार. पण खरी अडचण ही की परदेशी राहणाऱ्यानं साधं बचत खातं तसंच ठेवायचं नसतं, ते एनआरओ, म्हणजे अनिवासीनं इथली कमाई ठेवायचं खातं, करून घ्यावं लागतं. आणि एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक सेस असा टीडीएस कापला जातो. बाहेरची बचत त्यात ओतायचं काहीच कारण नाही.

एनआरई आत्ता काढा, व्हिसा चालू आहे तोवरच. पासपोर्ट, व्हिसा, तिथल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो. वडिलांना तालुक्याच्या शाखेत खेटे घालायला लावू नका, अर्ज ऑनलाइन करा. एनआरईचं व्याज इथं करमुक्त आणि रक्कम पुन्हा बाहेर न्यायची झाली तरी आडकाठी नाही.

पैसे पाठवताना फॉर्मवर आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागतील. भारतात आयबॅन नसतो. तिथं खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारातली बँकेची ओळख) जातो. तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. बँकेच्या परकीय चलन शाखेचा कोड द्यायचा आणि आयएफएससी मात्र आपल्या शाखेचा. आधी ५०० दिरहम पाठवून बघा. खात्यात दिसले की मगच मोठी रक्कम.

देगलूर नाका

नावाकडं लक्ष द्या, आपल्याकडची निम्मी अडलेली प्रकरणं तिथंच अडतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. गावच्या पासबुकावर आडनाव आधी, कधी वडिलांचं नुसतं अक्षर. ‘शेख अमुक शेख तमुक’ अशा नावांची तर आणखी पंचाईत : पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, पॅनवर तिसरंच काहीतरी. स्विफ्टच्या संदेशातलं नाव खात्याशी जुळलं नाही की रक्कम परकीय चलन शाखेत पडून राहते, नाहीतर शुल्क कापून परत जाते. नवं एनआरई खातं पासपोर्टवरच्या नावानंच उघडा आणि पाठवणाऱ्या फॉर्मवर तेच स्पेलिंग, त्याच क्रमानं.

गोदाकाठ

दराचा हिशोब मांडतो. समजा दिरहम २३ रुपये धरला, तर १,८०,००० चे ४१,४०,००० झाले. रूपांतर भारतातल्या बँकेनं केलं तर जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. १० लाखांच्या वरच्या रकमेसाठी ५,५०० अधिक उरलेल्या रकमेचा ०.१ टक्का, म्हणजे ५,५०० + ३,१४० = ८,६४०, आणि त्यावर १८ टक्के. झाले साधारण १,५५५ रुपये. एवढ्यासाठी लोक शाखेत भांडतात. तिकडं दरात २० पैशांचा फरक पडला तर ३६,००० गेले, ते कुणी विचारत नाही! ‘शून्य शुल्क’ असं जिथं लिहिलंय तिथंच दर नीट तपासा. एकाच दिवशी, एकाच तासात दोन-तीन ठिकाणी विचारायचं एवढंच : १,८०,००० दिले तर खात्यात रुपये किती पडतील?

दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, म्हणून रुपयाचा दर डॉलरसोबतच हलतो. दिरहमचे डॉलर, मग डॉलरचे रुपये असं दोनदा करू नका, दोन्ही वेळी मार्जिन जातं. डॉलरमध्येच ठेवायचे असतील तरच डॉलर करा आणि एनआरआय असतानाच एफसीएनआर, म्हणजे अनिवासीची परकीय चलनातली ठेव, करा. मुदत किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य.

स्विफ्टनं पाठवताना शुल्काचा पर्याय विचारतात. अर्धं-अर्धं निवडलं तर मधली बँक दहा-वीस डॉलर काढून घेते, रक्कम कमी आली म्हणून घाबरू नका. पैसे जमा झाले की बँकेकडून परदेशी रकमेचं सूचनापत्र मागून ठेवा, ते आपणहून कुणी देत नाही.

पाथरीचा पाहुणा

आभार. वडिलांच्या खात्याचं कुणी बोललं नाही? एक्स्चेंजवाला म्हणतो तिथं लगेच जाईल. आणि एक ओळखीचा ‘घरपोच’ द्यायला तयार आहे, दरही बरा सांगतोय.

गोदाकाठ

घरपोच म्हणजे हवाला. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो, आणि तेवढा दंड झाला नाही तरी ४१ लाख रोख घरात आले कुठून याचा कागद तुमच्याकडं कधीच नसणार. विषय संपला.

वडिलांना पाठवले तर कर नाही, जवळच्या नात्यातली भेट करमुक्त असते. पण मग ते पैसे वडिलांचे. ठेवीचं व्याज त्यांच्या उत्पन्नात, आणि पुढं भाऊ-बहिणींचा वारसाहक्कही त्यावरच. बायकोच्या नावावर ठेव केली तर व्याज फिरून तुमच्याच उत्पन्नात धरतात. एक्स्चेंजच्या झटपट सेवेत एका वेळी २,५०० डॉलर आणि एकाला वर्षात ३० वेळा अशी मर्यादा असते. खात्यात थेट जमा करणारा त्यांचा दुसरा मार्ग असतो, तो एनआरईलाही चालतो. तोच मागा.

टॅक्सचं : साठलेली बचत आणली म्हणून कर लागत नाही, कर पुढच्या उत्पन्नावर. पगाराच्या पावत्या आणि तिथल्या बँकेचं दहा वर्षांचं स्टेटमेंट खातं बंद व्हायच्या आधी उतरवून ठेवा, नंतर कुणी देत नाही.

सप्टेंबरअखेरीस आलात की मार्चपर्यंत १८२ दिवस भरतात, म्हणजे त्याच वर्षी रहिवासी. पण मागच्या दहांपैकी किमान नऊ वर्षं तुम्ही अनिवासी होता, म्हणून ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो. तो २०२६-२७ आणि २०२७-२८ ला बसतो. तिसऱ्या वर्षी मागच्या सात वर्षांतले दिवस ७२९ च्या आत असतील तरच. पासपोर्टचे शिक्के मांडून मोजा. तोवर बाहेरच्या उत्पन्नावर इथं कर नाही. त्यानंतर दुबईचं खातं चालू असेल तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं, एक दिरहम व्याज नसलं तरी. तेव्हा ते उगाच जिवंत ठेवू नका.

काउंटर नंबर तीन

एक राहिलं. प्राप्तिकराचे दिवस वेगळे आणि फेमा वेगळा. फेमाप्रमाणे कायमचे आलात त्या दिवसापासून तुम्ही रहिवासी. एनआरई चालू ठेवता येत नाही, बँकेत पासपोर्टचा शिक्का दाखवून साधं खातं करून घ्या. करमुक्त व्याजही तिथंच थांबतं. एफसीएनआर मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दरानं चालते, नंतर ते डॉलर आरएफसी, म्हणजे रहिवाशाच्या परकीय चलन खात्यात ठेवता येतात.

जिरायती

इसार आत्ता देऊ नका. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. परत आलात की प्रश्न मिटला, फक्त तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. वडिलांचा सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. मराठवाड्यात कूळकायदा १९५० चा हैदराबादचा, तेव्हा पुण्याकडचा वकील सांगेल ते जसंच्या तसं धरू नका.

तोवर जमीन तपासा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, इनाम किंवा ‘भूधारणा पद्धती’त वर्ग २ असं काही दिसलं तर परवानगीशिवाय पुढं जायचं नाही. जुने फेरफार काढा, बहिणींची नावं कधी आणि कशी कमी झाली ते बघा. मालक घाई करत असेल तर याच कारणानं करत असेल, असं धरून चाला. आणि ऑक्टोबरात इसार द्याल तेव्हा चेकनं किंवा आरटीजीएसनं. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, हे त्यालाही सांगा. घाई जरा कमी होईल.