३क्ष⁴ − ४८य⁴ : वर्गांतराचे अवयव पाडताना कुठे थांबायचं?

नववी_बीजगणित
दोन गणितांत अडलोय.
१) ३क्ष⁴ − ४८य⁴. ना ३ पूर्ण वर्ग, ना ४८. तरी ३ बाहेर काढून ३(क्ष² + ४य²)(क्ष² − ४य²) इथपर्यंत आलो. उत्तरात मात्र तीन कंस दिलेत.
२) (२अ + ३)² − (अ − ५)². मला (३अ − २)(अ − २) मिळतं, पुस्तकात (३अ − २)(अ + ८) आहे. पुस्तकातली छपाईची चूक आहे का?

कंस_आणि_चिन्ह
पुस्तक बरोबर आहे. दुसरं गणित आधी घेऊ, कारण ही चूक सर्रास होते. वजाबाकीच्या कंसात तू २अ + ३ − अ − ५ असं लिहिलं असणार. वजा चिन्ह (अ − ५) या अख्ख्या राशीला लागतं, म्हणून −५ चं +५ होतं: २अ + ३ − अ + ५ = अ + ८. आतले कंस पहिल्याच ओळीत सोडवायची घाई नको. आधी
[(२अ + ३) + (अ − ५)][(२अ + ३) − (अ − ५)]
एवढंच लिही, चिन्हं पुढच्या ओळीत बदल.

शंका आली की अ = १ ठेवून पडताळा घे. मूळ राशी २५ − १६ = ९. पुस्तकाचं उत्तर १ × ९ = ९, तुझं १ × (−१) = −१. चुकीचं उत्तरही एखाद्या किमतीला योगायोगाने जुळू शकतं, म्हणून दोन किमती ठेवून बघावं.

पहिल्यात तू फक्त लवकर थांबलास. क्ष² − ४य² हेही वर्गांतरच आहे, (क्ष)² − (२य)². पूर्ण उत्तर: ३(क्ष² + ४य²)(क्ष + २य)(क्ष − २य).

नववी_बीजगणित
समजलं. मग क्ष² + ४य² चे का नाही पडत? आणि ३ बाहेर न काढता √३ आणि √४८ घेतले असते तर?

मधलं_पद
√४८ = ४√३, म्हणून (√३क्ष² + ४√३य²)(√३क्ष² − ४√३य²) असं येईल. चूक नाही, पण दोन्ही कंसांतून √३ बाहेर काढलं की √३ × √३ = ३, म्हणजे फिरून तिथेच. सामाईक अवयव आधी काढला की हा वळसा वाचतो.

क्ष² + ४य² चं म्हणशील तर य = १ ठेव. क्ष² + ४ ला वास्तव सहगुणकांचा एकघाती अवयव असता, तर क्ष च्या कुठल्यातरी वास्तव किमतीला ही राशी शून्य झाली असती. वर्ग ऋण नसतो, त्यामुळे ती ४ च्या खाली जातच नाही.

सोडवून_बघा
यावरून ‘वर्गांच्या बेरजेचे अवयव कधीच पडत नाहीत’ असं मात्र पाठ करू नकोस. क्ष⁴ + ४ मध्ये ४क्ष² मिळव आणि वजा कर:
(क्ष² + २)² − (२क्ष)² = (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २).
पुन्हा वर्गांतरच! क्ष⁴ + ४य⁴ चं हे रूप फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ओळखलं जातं. मात्र भर घातलेलं पद पूर्ण वर्ग हवं. क्ष⁴ + ६४ मध्ये १६क्ष² घालावे लागतात, ते चालतं. क्ष⁴ + ९ मध्ये ६क्ष² लागतात आणि ६ पूर्ण वर्ग नाही, म्हणून तिथे पूर्णांक सहगुणकांचे अवयव मिळत नाहीत.