‘अधिग्रहण’, ‘सबस्क्रिप्शन’, ‘ख्याती’: गेम उद्योगाच्या हिशेबासाठी शब्द

गोदाकाठ (नाशिक): वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी गेम उद्योगातील आर्थिक जोखमीवर टिपण लिहीत आहे. मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलरचा सौदा करून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली, त्यास वृत्तपत्रे ‘अधिग्रहण’ म्हणतात. हा शब्द योग्य आहे का? तसेच ‘सबस्क्रिप्शन’ला काय म्हणावे?

जमाखर्च: ‘अधिग्रहणा’त सक्ती आहे. निवडणुकीच्या काळात प्रशासन खासगी वाहने अधिग्रहित करते, तेव्हा मालकाची मर्जी विचारली जात नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी ‘थेट खरेदी’ आणि ‘सक्तीचे भूसंपादन’ यांतला फरक सिन्नर-इगतपुरीकडील शेतकऱ्यांना चांगलाच कळला. अ‍ॅक्टिव्हिजनच्या भागधारकांनी तर शेअरमागे ९५ डॉलर रोख या भावाला मतदानाने मान्यता दिली होती. सरळ ‘कंपनी-खरेदी’ लिहावे.

पंचवटीकर: ‘वर्गणी’ चालेल, पण कोणती ते स्पष्ट करावे. मासिकाची वर्गणी संपली तरी आलेले अंक घरात राहतात; १८४० पासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी थांबवली की पुस्तक परत करावे लागते. गेम पासची (दरमहा पैसे भरून यादीतले गेम खेळू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची) वर्गणी या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यातला गेम यादीतून केव्हाही निघू शकतो आणि दरही वाढतात: ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत अल्टिमेट योजनेचा मासिक दर सुमारे २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेला. ‘सभासदत्व’ मात्र नको. सभासदाला सर्वसाधारण सभेत मत असते.

गोदाकाठ: आभारी आहे. मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जी जादा किंमत मोजली जाते, तिला काय म्हणावे?

जमाखर्च: बारावीच्या पुस्तपालनातला ‘ख्याती’ हाच शब्द. जोखीम खरी इथे आहे. या खरेदीतील सुमारे ५,१०० कोटी डॉलर मायक्रोसॉफ्टने ख्याती म्हणून नोंदवले. म्हणजे भविष्यात येईल अशा उत्पन्नावर एवढी रक्कम आधीच मोजली गेली, आणि ते उत्पन्न येणार नाही असे दिसले की ख्याती घटवून तोटा दाखवावा लागतो. त्याला ‘घसारा’ म्हणू नये, कारण घसारा ठरलेल्या पद्धतीने दरवर्षी आकारतात, ‘मूल्यघट’ म्हणावे. वर्गणीमुळे हा धोका वाढतो, कारण नवा गेम पहिल्याच दिवशी वर्गणीत मिळाला की ७० डॉलरची सुटी विक्री मार खाते आणि ती तूट नव्या वर्गणीदारांनीच भरून काढावी लागते. खर्चाची कात्री मात्र लगेच चालते. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील सुमारे १,९०० पदे कमी केली, आणि मे महिन्यात ‘हाय-फाय रश’ हा नावाजलेला गेम करणारा टँगो गेमवर्क्स हा आपला स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. (‘पुनर्रचना’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो, टिपणात ‘नोकरकपात’च लिहा.)

पंचवटीकर: एक पुरवणी. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम कंपनीच्या खरेदीचा ५,५०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला, त्यात सुमारे २,००० कोटी डॉलर कर्जाचे. त्याला ‘कर्जाऊ खरेदी’ म्हटले की कर्जबाजारी खरेदीदार डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात अशा व्यवहारात कर्जाचा बोजा सहसा विकल्या गेलेल्या कंपनीवरच चढतो. ‘कर्जभारित खरेदी’ त्यातल्या त्यात बरे, आणि पहिल्यांदा वापरताना हप्ते कोणाच्या उत्पन्नातून फिटणार ते त्याच वाक्यात सांगावे.