अनुभव धागा: चांगथांगमध्ये चांगपा कुटुंबांकडे मुक्काम

तिबेटचं पठार पश्चिमेला लडाखात शिरतं, तो भाग म्हणजे चांगथांग. शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणामागे फिरणारे चांगपा इथे राहतात. समद, खरनाक आणि कोरझोक हे त्यांचे तीन मुख्य गट, आणि 1959 नंतर तिबेटमधून आलेली पशुपालक कुटुंबंही याच भागात आहेत. पँगाँगला जाऊन आलेले अनेक जण आता त्सो मोरिरी तलावाकाठचं कोरझोक गाव, त्सो कार तलाव, हानले इथे तंबूत राहता येईल का, असं विचारतात. तिथे काम केलेल्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असं हवं.

लेहहून गट घेऊन जाणाऱ्याकडून

कुटुंबाचा पत्ता नकाशावर शोधू नका. कुठल्या कुरणात कधी जायचं हे गावाचा गोबा (मुखिया) आणि इतर कुटुंबं मिळून ठरवतात, आणि त्या वर्षी गवत कसं आहे त्यावर तारखा हलतात. म्हणून लेहमध्ये चांगथांगचाच वाटाड्या ठरवा. तो आधी निरोप पाठवतो, घरात आजारपण आहे का, जागा आहे का ते विचारतो. थेट गाडी घेऊन तंबूपाशी उभं राहिलात तर ते नाही म्हणणार नाहीत, पण तो त्यांच्यावर टाकलेला भार असतो.

जुलै-ऑगस्ट सर्वांत सोपे महिने. उपशी, चुमाथांग, माहे पूल आणि सुमदोमार्गे लेह ते कोरझोक सुमारे 220 किलोमीटर आहे. दिवस त्यातच जातो. गाडीची टाकी लेहमध्येच भरा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि कुरणात तेही मिळेलच असं नाही. उपग्रह फोन आणि ड्रोन घरी ठेवा, सीमा जवळ आहे. सीमाभागात जाण्याच्या परवान्याचे नियम बदलत असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी लेहमध्ये विचारून घ्या आणि आधारच्या छापील प्रती जवळ ठेवा.

एक कळकळीची विनंती: कुरणातून गाडी घालू नका. त्या उंचीवर गवत वर्षातून जेमतेम तीन-चार महिने वाढतं. चाकाखाली दबलेला पट्टा कित्येक वर्षं तसाच राहतो, आणि तेवढं शेळ्यांच्या तोंडचं गवत जातं. गाडी मळलेल्या वाटेवर थांबवून पुढे चालत जा.

डोंगरातल्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरकडून

लेह 3,500 मीटरवर आहे, कोरझोक 4,500 मीटरच्या वर. विमानाने आलात तर लेहमध्ये किमान तीन रात्री काढा. पहिला दिवस झोपून, दुसरा सपाटीवर चालून. शक्य असेल तर मधली एक रात्र चुमाथांगला ठेवा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डोकेदुखी आणि भूक नसणं पहिल्या रात्री चालतं, पण त्या अवस्थेत आणखी वर जायचं नाही. स्वस्थ बसलेलं असताना दम लागणं, कोरडा खोकला वाढत जाणं, सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. इथली खरी अडचण अशी की पठार सपाट आहे. तासभर गाडी चालवली तरी उंची फारशी उतरत नाही. म्हणून गाडी आणि चालक रात्रीही मुक्कामापाशीच हवेत, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीत हवा.

तंबूत ऊब यावी म्हणून स्वतःचा गॅस स्टोव्ह पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

रेबोत राहण्याबद्दल

रेबो म्हणजे याकच्या केसांचा काळा तंबू. त्याचे पट्टे घरातच विणतात, जुना पट्टा विरला की तेवढाच काढून नवा शिवतात. वर मध्यभागी लांब फट असते, धूर तिथून जातो, आणि पाऊस-बर्फ आलं की ती झाकतात. बरीच कुटुंबं आता उन्हाळ्यात कापडी तंबू वापरतात, ते हलके पडतात. रेबोच पाहिजे असा हट्ट धरू नका.

मध्ये चूल, समोर आतल्या बाजूला देव. यजमान दाखवतील तिथेच बसा. पाय चुलीकडे किंवा देवाकडे करू नका. चूल पवित्र असते. तिच्यात कागद, केस, खरकटं, टिश्यू काहीच टाकायचं नाही. जळण म्हणजे वाळलेलं शेण आणि लेंड्या, शिवाय बुर्त्से नावाचं झुडूप. ते गोळा करायला बायका-मुलांचे तास जातात, त्यामुळे अंघोळीला गरम पाणी मागणं म्हणजे त्यांचं जळण जाळणं. प्यायला उकळलेलं पाणी मिळतं, तेवढं पुरे.

कुत्र्यांना हलक्यात घेऊ नका. लांबूनच हाक मारा आणि कोणी बाहेर येईपर्यंत थांबा. रात्री कुत्री मोकळी असतात. बाहेर जायचं तर घरातल्या कुणाला उठवा आणि टॉर्च सोबत ठेवा. संडास नसतो. पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब जा, खड्डा करून बुजवा, कागद आणि पॅड पिशवीतून लेहला परत आणा.

जनावरांबद्दल

वरच्या प्रतिसादाला जोडून. घराचं घड्याळ जनावरं ठरवतात. धारेच्या वेळी शेळ्या समोरासमोर दोन रांगांत, माना एकमेकींत अडकवून एकाच दोरीने बांधतात. बायका मागून धार काढत जातात आणि काम झालं की दोरीचं टोक ओढताच सगळ्या सुटतात. त्या वेळी रांगेजवळून फिरू नका. शेळी बिचकली की पान्हा चोरते. फोटो हवा असेल तर विचारा आणि लांबून काढा.

पश्मिना जून-जुलैच्या सुमारास लोखंडी दातांच्या फणीने विंचरतात. एका शेळीमागे कच्ची लोकर साधारण पाव किलो, आणि भरड केस काढल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी उरते. वर्षाची रोख कमाई तिच्यावरच असते, तेव्हा आठवण म्हणून मूठभर मागू नका.

खाण्यापिण्याचं

गुरगुर चहा म्हणजे लोणी आणि मीठ घातलेला चहा, तो खारट असतो. पातळ सूप समजून प्या म्हणजे जड जात नाही. प्रत्येक घोटानंतर वाटी पुन्हा भरली जाते. नको असेल तर भरलेली तशीच ठेवा आणि निघताना संपवा. सोबत सातूचं पीठ, लोणी, दही, छुर्पे (वाळवलेलं कडक चीज). छुर्पे चावू नका, दात जाईल, गालात धरून ठेवा.

शाकाहारींनी वाटाड्यामार्फत आधीच कळवावं, कारण थुकपात, म्हणजे शेवयांच्या सूपमध्ये, वाळलेलं मटण घालतात. या उंचीवर पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. आपलं मेतकूट, भाजलेले पातळ पोहे, शेंगदाण्याची चटणी इथे फार कामाला येतात, कारण त्यांना जळण लागत नाही.

पैसे आणि भेटवस्तू

रात्रीचा दर, जेवण धरून, पोचण्याआधी ठरवा आणि रोख द्या. एटीएम लेहमध्येच उरकून घ्या. सुट्टे शंभर-दोनशे असू द्या. देताना-घेताना दोन्ही हात.

भेट म्हणून कणीक, तांदूळ, चहापत्ती, कांदे-बटाटे, ताजी फळं. टॉर्चचे सेल नेलेत तर वापरलेले परत आणा. मुलांना चॉकलेट वाटू नका, जवळपास दंतवैद्य नाही आणि वेष्टनं वाऱ्याने थेट तलावात जातात. औषधंही वाटू नका, अगदी साधी गोळीसुद्धा. कोणी आजारी असेल तर न्योमाच्या रुग्णालयापर्यंत गाडीत जागा द्या.

झोपण्याच्या पिशवीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून

ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. उणे 10 अंशांपर्यंत आरामाची हमी असलेली पिशवी घ्या, आणि लेबलवरचा जीव वाचवण्यापुरता आकडा धरू नका. खाली जाड फोमची चटई घाला, अर्धी थंडी जमिनीतून येते. कॅमेऱ्याची बॅटरी आणि पाण्याची बाटली पिशवीत घेऊन झोपा.