कात्री कुणाकडे आहे?

चायना ग्रास, म्हणजेच आगार, हा नुसता चोथा, आला तसा गेला, असं एकांनी लिहिलंय. चोथा हे मान्य. लाल समुद्री शेवाळातला आगार तोडणारं एन्झाइम, म्हणजे त्याच्या साखळ्या कापणारी कात्री, आपल्या शरीराकडे नाहीच. पण पुढचं काम आतड्यातल्या जिवाणूंचं, आणि ते सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात.

२०१० मध्ये फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या संशोधकांना झोबेलिया या समुद्री जिवाणूत पॉर्फिरान तोडणारं एन्झाइम सापडलं. पॉर्फिरान म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या नोरी या समुद्री शेवाळातली, आगारासारखीच, शर्करेची लांब साखळी. गंमत पुढे आहे: त्याच घराण्यातली जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीस प्लेबियस या जिवाणूत निघाली, उत्तर अमेरिकनांच्या नमुन्यांत मात्र नाहीत. पिढ्यानपिढ्या खाल्लेल्या शेवाळासोबत समुद्री जिवाणू पोटात गेले आणि आपली कात्री तिथल्या रहिवाशांना देऊन गेले, असा त्यांचा निष्कर्ष. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘प्रीबायोटिक’ (आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य) छापलेलं दिसलं की मी विचारतो, कुणासाठी?

आगाराचे आधीच बारीक तुकडे केले तर गोष्ट थोडी वेगळी; तसे तुकडे खाऊ घातलेल्या उंदरांत बायफिडोबॅक्टेरिया हे आतड्यातले उपकारक जिवाणू वाढलेले दिसलेत. आमच्याकडे उन्हाळ्यात होणारं आंब्याचं चायना ग्रास मात्र अखंड साखळ्यांचं. ते मी चवीसाठीच खातो.