शेतीपंपाची वीजमाफी बंद करून तेच पैसे हातात द्या, पटतंय का?

गंगावेशकर:
२०१९ ला कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्यानं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडलं, २०२१ ला ५६ (धोका पातळी ४३). दोन्ही वेळा आमच्या घरात पाणी, दुसऱ्या खेपेला तर माळ्यावर टाकलेल्या गाद्यापण भिजल्या. मग पंचनामा, अनुदान, आणि पुढच्या जूनला परत आभाळाकडं बघत बसायचं. दुसरीकडं २०२४ पासनं साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट. उसाला दाबून पाणी पाजायचं, शिरोळात जमिनी क्षारपड (खारवट, नापीक) करायच्या, मग निचऱ्याच्या पाइपला परत सरकारकडंच हात पसरायचा. पंजाबात २०१८ ला 'पाणी बचाओ, पैसे कमाओ' काढली, ठरल्यापेक्षा कमी वीज जाळली की वाचलेल्या युनिटला ४ रुपये शेतकऱ्याला, सक्ती नाही. आपल्याकडं का नको?

शिरोळचा काका:
भावा, पुराचा आणि माझ्या मोटरीचा काय संबंध? रात्री दोनला लाइट येती, सापाकिरड्याचं भ्या बाजूला ठेवून जातो, मोटर चालू करतो आन झोपतो, सकाळी उठस्तोवर पाणी सऱ्या फोडून शेजाऱ्याच्या रानात. मोजून पाजायचं तर दिवसा लाइट द्या की आधी! आन ऊस काय हौसेनं लावत न्हाई, एफआरपी, म्हंजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १४ दिवसांत द्यायचा कायदा तरी हाय. सोयाबीनचा हमीभाव नुसता पेपरात वाचायचा.

गंगावेशकर:
पुराचा थेट संबंध नाही, मान्य, मी दोन्ही एकत्र कालवलं. दिवसा लाइटचंपण पटलं. पण ज्याच्याकडं मोटरच नाही त्याला ह्या माफीतनं काय मिळतं?

रंकाळ्यावरचा:
'पैसे परत देतो'ला भुलू नका. ऑस्ट्रियानं २०२२ ला पेट्रोल-डिझेलसारख्या इंधनाच्या कार्बनवर दर लावला आणि बदल्यात माणशी रोख रक्कम, क्लिमाबोनस, सुरू केला, जिथं बस-रेल्वेची सोय कमी तिथं जास्त रक्कम, कागदावर एक नंबर. २०२५ ला काटकसर निघाली आणि बोनस गेला, दर राहिला. तिकडं ही तऱ्हा तर इथं काय होईल? माफी निदान बिलावर दिसती तरी.

भांगलणवालीची पोरगी:
मोटर नसलेल्यांचं मी सांगते. २०२१ ला पाणी ओसरल्यावर पंचनामावाले आले, सातबाऱ्यावरची नावं लिहून घेतली. आईनं विचारलं, माझी महिन्याची मजुरी बुडाली ती कुठं लिहायची, तर म्हणे तसा रकानाच नाही. अहो, रोजगार हमीचा कायदा आपल्याच राज्यानं १९७७ ला केलाय. त्यातनं ओढ्यांचा गाळ काढायचं, चरी खणायचं काम काढा की, आईला मजुरी मिळंल आणि काकांच्या रानाचा निचरा होईल.

शिरोळचा काका:
चरीला माझी ना न्हाई पोरी. पण काम भांगलणीच्या (खुरपणीच्या) टायमाला काढू नका, न्हाईतर रानात बाई मिळत न्हाई.

भांगलणवालीची पोरगी:
काका, दिवसाला किती देता तेपण लिहा की.