शब्दचर्चा : फुटबॉलच्या स्टँडमध्ये ‘शिवी’ कशाला म्हणायचं?

टचलाइन
समर्थकांच्या एका गटासाठी आचारसंहिता मराठीत करायची आहे. कच्च्या मसुद्यात ‘प्रेक्षकांनी अपशब्द वापरू नयेत’ एवढंच वाक्य आहे. ‘अपशब्द’ इथे चालेल का? आणि चालला तरी तो नियम कोण पाळणार? सोपा गोल हुकला की स्टँडमधून काय ऐकू येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाहत्यांमधली शिवीगाळ मान्य धरावी की नाही, यावरही मतं हवी आहेत.

रकार
‘अपशब्द’ नको. संस्कृत व्याकरणात अपशब्द म्हणजे अशुद्ध रूप. पतंजलीच्या महाभाष्यात ‘गौः’चे (म्हणजे गाय) गावी, गोणी, गोता असे अपभ्रंश दिले आहेत, त्या अर्थाचा. आज तो वर्तमानपत्री सोवळा शब्द झालाय. ‘मूर्ख’पासून आईमाईवरच्या शिवीपर्यंत सगळं त्यात कोंबता येतं, त्यामुळे नियमाच्या कामाचा नाही. ‘अर्वाच्य’, ‘अश्लील’ हे जरा नेमके, पण ते शब्दाच्या घाणीबद्दल बोलतात, रोखाबद्दल नाही.

मराठी क्रियापदं मात्र इथे फार उपयोगी पडतात. शिवी देणे, घालणे, हासडणे यांना ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारता येतो. शिव्यांची लाखोलीही कोणाला तरीच वाहायची असते. याउलट तोंडातून शिवी निघते, जाते, सुटते तेव्हा कोणाला हा प्रश्नच येत नाही. चेंडू खांबाला लागून परत आला की सुटते ती ही दुसरी. माझ्या मते आचारसंहितेने दिलेल्या शिवीकडे बघावं, सुटलेलीच्या मागे लागू नये.

उत्तरस्टँड
विभागणी आवडली, पण ती फक्त प्रेक्षकांपुरती. खेळाडूंना ती लागू नाही. खेळाच्या नियमांतला नियम १२ आक्षेपार्ह, अपमानकारक किंवा शिवराळ भाषेला आणि हावभावांना थेट लाल कार्ड देतो. २०११ साली वेस्ट हॅमविरुद्ध तिसरा गोल केल्यावर मँचेस्टर युनायटेडचा वेन रूनी कॅमेऱ्याकडे तोंड करून शिवी बोलला. ती कोणा खेळाडूला दिलेली नव्हती, पंचालाही नव्हती. तरी दोन सामन्यांची बंदी आली.

नियम १२ मैदानावरचे आणि बाकावरचे लोक यांच्यासाठी आहे. प्रेक्षकाला लागू होतात ती तिकिटाच्या अटी, क्लबचे नियम आणि त्या त्या देशाचा कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१चा फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा ‘अश्लील किंवा वंशद्वेषी’ घोषणाबाजीला गुन्हा ठरवतो. १९९९च्या दुरुस्तीनंतर ती एकट्याने केली तरी पुरते, पण शब्द किंवा आवाज पुन्हा पुन्हा काढलेला असावा लागतो. म्हणजे रकार यांची ‘सुटलेली’ शिवी या कलमात बसत नाही. मात्र १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात धमकीच्या किंवा शिवराळ शब्दांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि तिला पुनरावृत्ती लागत नाही. दोषी ठरल्यावर मैदानबंदीचा आदेश निघू शकतो. तो किमान तीन वर्षांचा असतो आणि तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर सहा ते दहा वर्षांचा.

आता गंमत बघा. ‘अश्लील’ या शब्दामुळे पंचाला उद्देशून अख्खा स्टँड जे हस्तमैथुनवाचक गाणं म्हणतो, तेही कागदोपत्री या कलमात येतं. वीस हजार लोकांना उचलणार कोण! त्यामुळे प्रत्यक्षात जोर ‘वंशद्वेषी’ या अर्ध्यावर असतो.

पेनल्टीबॉक्स
म्हणजे सगळे मिळून म्हणाले की माफ?

उत्तरस्टँड
मुळीच नाही. माणसांवर कारवाई अवघड झाली की ती सामन्यावर आणि संघावर येते. मेक्सिकोचं उदाहरण घ्या. प्रतिस्पर्धी गोलरक्षक गोलकिक घ्यायला धावू लागला की आधी लांबवलेला ‘एऽऽ’ आणि चेंडूला पाय लागताच ‘पुतो’, समलिंगी पुरुषांना हिणवणारी स्पॅनिश शिवी. गोलकिकचाच क्षण का? खेळ थांबलेला, मैदान शांत, आणि गोलरक्षकाची धाव सगळ्यांना एकाच वेळी ताल देते. कुणी इशारा करावा लागत नाही, म्हणून तो बंद करणंही अवघड. चाहते म्हणत राहिले की ही नुसती टवाळी आहे, शब्दाला तसा अर्थ उरलेला नाही. फिफाने तो समलिंगीद्वेषी मानला. आधी दंड झाले, मग २०२१ साली संघाला घरचे सामने रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली. जून २०२३ मध्ये लास वेगासला अमेरिकेविरुद्धचा सामना पंचांनी भरपाईची वेळ पूर्ण होण्याआधीच संपवला.

ही तीन पायऱ्यांची पद्धत मसुद्यात जरूर घाला, लोकांना ती माहीत नसते. पहिल्यांदा पंच खेळ थांबवतो आणि ध्वनिक्षेपकावरून ताकीद दिली जाते. थांबलं नाही तर खेळाडू काही काळ ड्रेसिंगरूममध्ये जातात. तरीही चालूच राहिलं तर सामना रद्द. मग त्या समर्थकांचा संघ हरल्याचा निकालही दिला जाऊ शकतो.

अनुस्वार
इथेच मराठीची खरी अडचण आहे. आपल्याकडे ‘घाण शब्द’ आणि ‘वाईट बोलणं’ एकच धरलं जातं. फिफाच्या शिस्तसंहितेतली भेदभावाची यादी वाचा : वंश, वर्ण, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ, लिंग, अपंगत्व, लैंगिक कल, भाषा, धर्म, जन्म… आता ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’, ‘हिजडा’, ‘आंधळा’, शिवाय जातीचं नाव शिवीसारखं वापरणं हे सगळं या यादीला लावून बघा. ‘बांगड्या भर’मध्ये एकही अर्वाच्य शब्द नाही. कुटुंब विभागात आजोबाही ते बिनदिक्कत ओरडतील. पण यादीप्रमाणे हेच जास्त गंभीर. उलट चेंडू बारवरून गेल्यावर सुटलेली अस्सल गावरान शिवी कानाला कितीही बोचो, ती यादीत कुठेच बसत नाही.

म्हणून ‘अश्लील’ आणि ‘हीन लेखणारी’ हे दोन वेगळे शब्द ठेवा, आणि दुसऱ्याला आधी जागा द्या. ‘द्वेषमूलक’ही चालेल, पण तो भाषणाच्या बातमीतला वाटतो. ‘हिणवणे’ घरातला आहे, कुणालाही कळतो.

रकार
‘हिणवणे’ उत्तम. ‘डिवचणे’ मात्र नियमाबाहेर ठेवा. टोमणा, खिल्ली, टर उडवणे, हुर्यो हे स्टँडचं निम्मं काम आहे. ‘काय करतोय ते तुला कळत नाही’ हे पंचाला सुरात सांगणं म्हणजे डिवचणं, आणि तेवढं पंचाच्या वाट्याला येणारच.

पेनल्टीबॉक्स
शब्द तोच पण संदर्भ वेगळा, त्याचं काय? स्वतःलाच म्हटलं तर?

अनुस्वार
याचं प्रसिद्ध भांडण लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं. ‘यिड’ हा ज्यूंना हिणवणारा शब्द. प्रतिस्पर्धी तो टॉटनहॅमच्या चाहत्यांना म्हणत, म्हणून त्यांनीच, त्यातल्या बिगर-ज्यूंनीही, तो बिरुदासारखा घेतला. तो शब्द ओरडल्याबद्दल तीन चाहत्यांवर भरलेले खटले २०१४ साली मागे घेतले गेले. २०२० साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने ‘टॉटनहॅमचा समर्थक किंवा खेळाडू’ असा विस्तारित अर्थ नोंदवला, तेव्हा संदर्भाचा भेद दाखवला नाही म्हणून क्लबनेच आक्षेप घेतला. २०२२ मध्ये क्लबने चाहत्यांना हा शब्द मागे सोडायला सांगितलं. कोशकाराने वापर नोंदवला यात चूक नाही. पण कोशातली नोंद म्हणजे परवानगी नव्हे, हे वाचकाला कोण सांगणार? शेजारच्या खुर्चीवरच्या ज्यू प्रेक्षकाला तो शब्द कुणी कोणत्या भावनेने म्हटला हे ऐकून कळत नाही.

भाषा बदलली की आणखी गुंता होतो. २०२०च्या नोव्हेंबरात उरुग्वेच्या एदिन्सन कावानीने मित्राचे आभार मानताना स्पॅनिशमध्ये ‘नेग्रितो’ (शब्दशः ‘छोटा काळा’) लिहिलं. उरुग्वेत तो लाडाचा शब्द. इंग्लंडमध्ये तीन सामने बंदी आणि एक लाख पौंड दंड झाला, आणि उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध केला. त्याच डिसेंबरात पॅरिसमध्ये चौथ्या पंचाने इस्तंबूल संघाच्या सहायक प्रशिक्षकाला ओळखण्यासाठी रोमानियनमध्ये ‘नेग्रू’ म्हटलं. रोमानियनमध्ये तो ‘काळा’ या अर्थाचा साधा रंगवाचक शब्द. आक्षेप होता माणसाची ओळख रंगावरून सांगण्याला. दोन्ही संघ मैदानाबाहेर गेले आणि सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पुरा झाला. कोशातला अर्थ इथे अर्धीच गोष्ट सांगतो.

थ्रोइन
एक राहिलं. शब्द अश्लील नाही, कुणाची ओळखही हिणवत नाही, तरी सर्वांत वाईट, असा एक प्रकार आहे : मृतांवरून ओरडणं. मँचेस्टर युनायटेडच्या संघाचा १९५८चा म्युनिकचा विमान अपघात, १९८९ची हिल्सबरो मैदानावरची, लिव्हरपूलच्या समर्थकांचा बळी घेणारी चेंगराचेंगरी. नुसते विमानासारखे हात पसरले तरी पुरतं, शब्दही लागत नाही. २०२३ पासून इंग्लंडमध्ये यावर खटला भरण्याबाबत सरकारी वकिलांना स्पष्ट मार्गदर्शन आहे. मसुद्यात ‘भाषा’ एवढंच लिहिलंत तर हा प्रकार निसटेल. ‘शब्द, गाणी, फलक व हावभाव’ असं लिहा.

आणि चाहत्यांना पर्याय द्या. मराठी शिव्या लांब, नातेवाईकांनी भरलेल्या. दोन-तीन-चार टाळ्या आणि मग दोन अक्षरं या ठेक्यात त्या बसतच नाहीत. म्हणूनच लोक परभाषेतली आखूड शिवी उचलतात. ठेक्यात बसणारं खेळाडूचं नाव ढोलवाल्याला आधी दिलं तर शिवीची जागा भरते. जागा रिकामी ठेवून नुसतं ‘नको’ म्हटलं तर तिथे तीच परत येते.

टचलाइन
नवा मसुदा असा :

‘कोणाचाही वंश, वर्ण, जात, धर्म, भाषा, लिंग, लैंगिक कल किंवा अपंगत्व यांवरून हिणवणारे, तसेच मृतांची चेष्टा करणारे शब्द, गाणी, फलक व हावभाव यांना थेट बाहेर काढले जाईल. खेळाडू, पंच किंवा प्रेक्षक यांना उद्देशून दिलेल्या अश्लील शिव्यांसाठी एक ताकीद, नंतर बाहेर. कुटुंब विभागात ताकीद न देता थेट बाहेर.’

सुटलेल्या शिवीबद्दल मुद्दाम काही लिहिलेलं नाही.

उत्तरस्टँड
‘यांना बाहेर काढले जाईल’ म्हणजे फलकाला की माणसाला? ‘करणाऱ्यास’ घाला. शिवाय स्वयंसेवकांच्या नोंदवहीसाठी रकाने ठरवा : विभाग, रांग, मिनिट, एकटा की गट, कोणाला उद्देशून, आणि नेमका शब्द. नोंदवहीत ‘अपशब्द वापरले’ एवढंच लिहिलेली तक्रार पुढे टिकत नाही. शब्द जसाच्या तसा लिहायचा, फुल्या मारायच्या नाहीत.

रकार
‘एक ताकीद’ऐवजी ‘एकदाच ताकीद’. नाहीतर प्रत्येक सामन्याला एक असा अर्थ लोक काढतील.