रात्रीच्या डाइव्हमध्ये सागरी गोगलगायींचे छायाचित्रण : पांढरे ठिपके कसे टाळावेत?

जुळे सोलापूर : नमस्कार. सोलापूरहून समुद्र लांब असल्यामुळे डाइव्हिंगचा योग वर्षातून एखाद्या वेळीच येतो. मागील हिवाळ्यात अंदमानातील स्वराज द्वीप येथे रात्रीच्या डाइव्हमध्ये कवच नसलेल्या सागरी गोगलगायी, म्हणजे न्यूडिब्रँक, पाहायला मिळाल्या. टीजी-६ कॅमेरा हाउसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक पेटीत, घातला होता व त्याच्या डोक्यावरच व्हिडिओ लाइट बसवला होता; परंतु बहुतेक छायाचित्रांत पांढरे ठिपके आले आहेत आणि फोकस डोक्याऐवजी पाठीवर गेला आहे. काय बदलावे, आणि येथे राहून सराव कसा करावा?

सात रस्ता : दोष कॅमेऱ्याचा नसून प्रकाशाच्या दिशेचा आहे. दिवा लेन्सच्या अगदी जवळ असला की लेन्स व गोगलगाय यांच्यामधल्या पाण्यात तरंगणारे कण समोरून उजळतात आणि तो प्रकाश थेट लेन्सकडे परततो. दिवा आर्मवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या दांडीवर, घेऊन बाजूला न्यावा, थोडा तिरका धरावा आणि शक्य तितके जवळ जावे, म्हणजे मध्ये पाणीच कमी राहते.

सराव घरीच होतो. टबातील पाण्यात चिमूटभर ज्वारीचे पीठ ढवळावे, तळाशी डाळिंबाचा एक दाणा ठेवावा, खोलीत अंधार करावा आणि दिवा आधी लेन्सलगत व नंतर बाजूने धरून छायाचित्रे घ्यावीत. फरक लगेच दिसेल. पोहण्याच्या तलावातील स्वच्छ पाण्यात हे शिकता येत नाही.

फोकस डोक्यावरील दोन शिंगांवर, म्हणजे ऱ्हायनोफोरवर, ठेवावा. ते तिचे वास घेण्याचे अवयव आहेत, आणि ते धूसर असतील तर बाकीचे सारे स्पष्ट असूनही छायाचित्र फसलेलेच वाटते. फोकस एकदा लॉक करून कॅमेराच किंचित पुढे-मागे करावा.

होटगी रोड : वरील सल्ला योग्य आहे, पण शरीर पाण्यात स्थिर राहत नसेल तर महागड्या स्ट्रोबचाही, म्हणजे पाण्याखालील फ्लॅशचाही, उपयोग नाही. फिन्सने, म्हणजे पायांत घालायच्या वल्ह्यांनी, उडवलेली वाळू बराच वेळ खाली बसत नाही. आधारासाठी कोठेही हात टेकू नये. ज्या हायड्रॉइडवर, म्हणजे झुडपासारख्या दिसणाऱ्या छोट्या सागरी प्राण्यांवर, अनेक न्यूडिब्रँक चरतात, ते स्वतः डंख करतात, आणि काही जाती तर त्या डंखपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरील उंचवट्यांत साठवून ठेवतात. गोगलगाय उचलून ‘चांगल्या’ जागी ठेवणारे छायाचित्रकारही पाहिले आहेत. तो प्रकार मला सर्वथा अमान्य आहे. शोधताना स्पंज आणि हायड्रॉइड पाहावेत. अंड्यांची वळसेदार फीत दिसली तर आजूबाजूला थांबून बघावे.

जुळे सोलापूर : दोघांचेही आभार. फोकससाठी लाल दिवा घ्यावा का?

सात रस्ता : स्ट्रोब असेल तर घ्यावा. बुजणारे मासे व कोळंबी लाल प्रकाशात तुलनेने शांत राहतात, आणि स्ट्रोबच्या प्रखर उजेडापुढे ती लाल छटा छायाचित्रात उमटत नाही. केवळ व्हिडिओ लाइटवर काम करणार असाल तर मात्र सारे चित्र तांबडे येईल. त्यापेक्षा पांढराच दिवा मंद करून वापरावा.